फिगरेदांच्या घरातल्या बारा तुळया

कुडेलीच्या चर्चला तीनशे वर्षं झाली म्हणून ओर्लांद फिगरेदने त्याचा इतिहास लिहिला. चाळीस पानांतली चार चर्चबद्दल, बाकी सगळं घराण्याचं कौतुक. वादळात छप्पर कोसळलं तेव्हा आपल्या खापरपणजोबांनी ते पुन्हा उभारलं, असं त्याने ठोकून दिलं होतं. त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी मोठ्या दारावर बसणार होती.

ते लिखाण तपासायला माझ्याकडे आलं. गावात जुनं पोर्तुगीज वाचणारी मी एकटीच उरलेय. शाळेत मी ओर्लांदलाही शिकवलं. तेव्हाही तो शेजाऱ्याच्या वहीत बघूनच लिहायचा.

मी चर्चचं दफ्तर काढलं. वादळाच्या वर्षी तेव्हाच्या पाद्र्याने लिहून ठेवलं होतं की पडलेल्या छपराच्या बारा सागवानी तुळया फिगरेदांनी गाड्यांवर घालून घरी नेल्या आणि मागूनही परत दिल्या नाहीत. छप्पर घातलं ते ताडी काढणाऱ्या रेंदेरांनी, माडाची खोडं खांद्यावरून आणून.

मी ते फादर आवेलीनना दाखवलं.

"टीचर, जुनं उकरून काय मिळणार? पाटी तयार झालीय."

"मग तिच्यावर खरं लिहा."

फादरनी दफ्तर मिटून माझ्या हातात दिलं. देवाला न भिणारा हा माणूस फिगरेदांना मात्र भ्यायचा.

सणाच्या दिवशी मिस्साची प्रार्थना संपल्यावर ओर्लांदचं भाषण झालं. मग मी उठले आणि दफ्तरातलं ते पान अर्थासकट वाचलं.

ओर्लांद रुमालाने मान पुसत म्हणाला, "खापरपणजोबांनी तुळया सांभाळून ठेवल्या असतील."

मागून रोक रेंदेर म्हणाला, "ठेवल्यात ना, बाब. कौलं चाळायला चढलो तेव्हा पाहिल्या. तुमच्या जेवणघरावर आहेत. वर देवदूत कोरलेत, खाली तुम्ही डुकराचं सोरपोतेल खाता."

अख्खं चर्च हसलं. ओर्लांदही हसला, म्हणजे त्याला कळलं नव्हतं.

पाटी पुढच्या रविवारी मोठ्या दारावर बसलीच. टाळ्या वाजवल्या त्या फिगरेदांच्या पाहुण्यांनी. रोक आणि त्याची माणसं त्या दिवसापासून बाजूच्या दाराने आत येऊ लागली. मग कोळणी, मग आम्ही सगळे. आता नवरानवरीसुद्धा तिकडूनच येतात.

मोठ्या दारातून ओर्लांद एकटा येतो, छाती काढून, सावकाश. लोक आपल्याला मान देऊन वाट सोडतात, असं तो फादरना सांगत असतो.