दहाव्याला दिलेला शब्द

बॅगेची चेन ओढताना आवाज होऊ नये म्हणून पूर्णिमा ती दोन-दोन बोटं पुढे सरकवत होती. अर्धी लागली तेव्हा ती थांबली आणि तिने स्वयंपाकघराच्या दिशेला कान दिला. घरात कोणी नव्हतं. रविवारची सकाळ होती, बाबा वाचनालयात गेले होते, आणि खालच्या मजल्यावर कोणाचा तरी टीव्ही चालू होता. तरी तिने उरलेली चेन तशीच हळूहळू लावली, बॅग पलंगाखाली लोटली आणि चादर फरशीपर्यंत ओढून घेतली.

जूनपासून हे असंच चाललं होतं. लीड्सच्या विद्यापीठाचं पत्र तिने जिन्यात उभं राहून वाचलं. व्हिसाच्या कामाचे फोन ती गच्चीवरून करायची. कुकर, गरम मोजे, मेतकुटाची पाकिटं एकेक करून ऑफिसच्या बॅगेतून घरात आणायची. बाबांपासून लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. अर्जाचे कागद त्यांनीच रांगेत उभं राहून साक्षांकित करून आणले होते. लपवायचं होतं ते आईपासून; आणि आई माघात गेली होती.

पूर्णिमा स्वयंपाकघरात चहा ठेवायला आली तेव्हा खिडकीच्या जाळीवर कावळा बसलेला होता. आई होती तेव्हा पोळीचा पहिला तुकडा त्याचा असे. आता तुकडा कोणी ठेवत नव्हतं, तरी तो यायचा. पूर्णिमाने त्याच्याकडे पाठ करून दूध गॅसवर ठेवलं. तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

आईचा दहावा ओंकारेश्वराच्या घाटावर झाला होता. पिंड मांडून सगळे मागे सरले. समोरच्या भिंतीवर पाच-सहा कावळे रांगेने बसले होते, पण एकही खाली उतरेना. शेजारच्या लोकांचा पिंड ठेवल्या ठेवल्या शिवला गेला, आणि ते चपला घालून निघूनही गेले. इकडे अर्धा तास झाला, पाऊण झाला. भीमरावमामा पुढे झाले आणि बाबांकडे एकदा बघून, हात जोडून म्हणाले, "इंदे, बापूरावांच्या औषधपाण्याचं आम्ही बघू." कावळे हलले नाहीत. कोणाला तरी आठवलं की तिला तिळाची वडी आवडायची. वडी ठेवली. एका कावळ्याने मान तिरकी करून वडीकडे पाहिलं आणि पंख चोचीने साफ करायला घेतले.

"आणखी पाच मिनिटं पाहू," गुरुजी घड्याळाकडे बघत म्हणाले. "नाहीतर दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ. मागे लोक थांबलेत." आणि त्यांनी दर्भाच्या काड्या वळायला घेतल्या.

तेव्हा तुळजामावशी पदर खोचून पुढे गेली. ती आईची थोरली बहीण, दहा दिवस लातूरहून येऊन राहिलेली.

"इंदे, ऐक माय," ती म्हणाली. तिचा आवाज नदीपर्यंत गेला असेल. "पूर्णिमा कुठं जायची नाही. परदेशी नाही अन् कुठंच नाही. बापूरावांजवळच राहील ती. मी शब्द देते तुला. घे आता."

पंखांची फडफड झाली. मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. लेकीतच जीव अडकला होता, असं कोणीतरी म्हणालं, आणि आणखी कोणीतरी पूर्णिमाच्या पाठीवरून हात फिरवला. पूर्णिमाला कोणी काही विचारलं नाही.

परदेशी जायचा विषय घरात आधीपासून होता. जानेवारीच्या शेवटी अर्ज केला तेव्हा तिने आईला सांगितलं होतं. आई तांदूळ निवडत होती. "बघू," म्हणाली. आईचं सगळ्याला आधी 'बघू' असे: साडीला, सहलीला, सांगून आलेल्या स्थळालाही. त्या 'बघू'चं पुढे हो झालं की नाही, हे चार-आठ दिवसांनी तिच्या वागण्यावरून ओळखायचं. या वेळी ते ओळखण्याआधीच मेंदूत रक्तस्राव झाला आणि तीन दिवसांत ती गेली.

मग पत्र आलं, आणि तयारी सुरू झाल्यापासून प्रत्येक गोष्ट एकदा तरी उलटून परत येऊ लागली. व्हिसाचे फोटो कान झाकले म्हणून परत आले, पुन्हा काढले तर सावली पडली म्हणून परत आले. कुरिअरवाल्याने कागदांचं पाकीट तिसऱ्याच इमारतीत टाकलं. छातीचा एक्स-रे दोनदा काढावा लागला, कारण गळ्यातली आईची साखळी काढायची राहिली होती. तंत्रज्ञाने फिल्म उजेडासमोर धरली तेव्हा फासळ्यांच्या मधोमध ती लखलखीत पांढरी उमटलेली दिसली.

"साखळी काढा म्हणून सांगितलं होतं ना?" तो वैतागून म्हणाला.

त्याने सांगितलं होतं. तिने मान डोलावलीही होती.

हिंजवडीच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या शेफालीला तिने यातलं थोडंसं सांगून पाहिलं.

"फोटो दुसऱ्यांदा परत आला."

"माझ्या भावाचा चार वेळा आला," शेफाली म्हणाली. "शेवटी म्हणाला, मी आता चेहराच बदलून आणतो."

"तसं नाही गं."

"मग कसं?"

बस वाकडच्या वळणावर अडकली होती. बाहेर दोन काचेच्या इमारतींच्या मधोमध कोणाचा तरी ज्वारीचा तुकडा अजून उभा होता. "काही नाही," पूर्णिमा म्हणाली.

दुपारी बाराच्या सुमाराला दाराची बेल वाजली. दारात तुळजामावशी उभी होती, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात तुरीच्या डाळीचं गाठोडं.

"उद्या तिथी हाय इंदूची," ती आत येत म्हणाली. "सातवा महिना. म्हटलं, तुम्हा बाप-लेकीला वरणभात तरी धड घालता येतोय का बघावं."

"फोन करायचास ना मावशी, मी स्टँडवर आले असते."

"मला काय रस्ता चुकायलाय? तुमच्या पुण्याचे रिक्षावाले बोलून बोलून पोचवतात घरी."

पाय धुवून, पाणी पिऊन ती नेहमीप्रमाणे पिशवी ठेवायला पूर्णिमाच्या खोलीत गेली. पूर्णिमा धावत मागे गेली, पण तोपर्यंत मावशीने वाकून चादर वर केली होती. पिशवी आत जाईना. तिने हात घालून बॅग बाहेर ओढली. नवी कोरी, काळी, चाकांची. मावशीने बॅगेच्या चाकावरून बोट फिरवलं.

"कुठं जायलीस?"

"इंग्लंडला. शिकायला. सप्टेंबरच्या बारा तारखेला."

"किती दिवस?"

"तीन वर्षं. चारही होतील."

"बापूरावांना ठाऊक हाय?"

"हो."

"अन् इंदूला?"

पूर्णिमाने वर उचललेली चादर नीट केली. मावशी पलंगावर बसली. गुडघ्यांवर हात ठेवून तिने एकदा खिडकीकडे पाहिलं.

"मी भांडायला आले नाही बाळा. तुझं वय शिकायचंच हाय. माझ्या पोरींना मी शिकवलं नाही, ते अजून बोलून दाखवतात मला. पण मी तिला तोंडानं शब्द दिला. जित्या माणसाला दिला असता तर पाय धरले असते, म्हटलं असतं, बाई, चुकलं माझं. हिला कुठं जाऊन सांगू?"

"तू मला विचारलं नव्हतंस, मावशी."

"ती काय विचारायची घडी होती? सगळ्यांचे पिंड शिवले, माझ्याच बहिणीचा राहिला. तो गुरुजी गवत वळायला लागला. माझी इंदू गवताच्या कावळ्यावर जाती का काय, म्हटलं." तिने पदराने नाक पुसलं. "तोंडाला आलं ते बोलले. अन् आला की गं तो! लगेच आला. म्हणजे तिच्या मनात तेच होतं ना?"

याच प्रश्नापाशी पूर्णिमा सहा महिने अडकली होती. दुसऱ्या कोणाच्या तोंडून तो ऐकताना तिला वाटलं, आता तो घरात सगळीकडे ऐकू गेला.

बाबा वाचनालयातून आल्यावर तिघं जेवली. मावशी आत जाऊन आडवी झाली. चारच्या सुमाराला पूर्णिमा बाहेर आली, तर बाबा बैठकीत खाली मांडी घालून बसले होते. बॅग त्यांनी दिवाणाला टेकवून उभी केली होती आणि तिच्या मुठीला लाल कापडाची पट्टी शिवायचं काम काढलं होतं. सुईत दोरा जाईना. चष्मा कपाळावर, मग नाकावर, मग पुन्हा कपाळावर, असं करत तिसऱ्या खेपेला त्यांनी तो ओवला.

"विमानतळावर शंभर काळ्या बॅगा येतात," ते म्हणाले. "खूण पाहिजे." कारखान्यात तीस वर्षं त्यांनी मालाची तपासणी केली होती, खुणेशिवाय वस्तू बाहेर गेलेली त्यांना चालत नसे. "तुझी मावशी आल्या आल्या सामान तपासायला लागली म्हणे. कस्टममध्ये घ्यायला हवं होतं तिला."

पूर्णिमा त्यांच्यासमोर बसली.

"बाबा, एजंटने विमानातली जागा उद्या दुपारपर्यंत धरलीय. मी त्याला सोडून दे म्हणून सांगणार आहे."

सुई थांबली नाही.

"प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येतो. मी मेल करून विचारलं होतं."

"कधी विचारलंस?"

"जुलैत."

"अच्छा." त्यांनी एक टाका घातला, ओढला. "आणि वर्षभरानंतर? तेव्हा कोणाला विचारणार?"

तिने फरशीवर पडलेला लाल कापडाचा तुकडा उचलला. आतल्या खोलीत पलंग करकरला. बाबांनी दोरा दाताने तोडला नाही, कात्री शोधली, कात्री मिळेना, तेव्हा तो तसाच बोटाला गुंडाळून ते बसून राहिले.

"त्या दिवशी घाटावर एकटी तुझी मावशी बोलत नव्हती," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मीपण बोलत होतो. मनात. ओरडून बोलायची मला सवय नाही. आणि तुझ्या आईला ऐकू जायला ओरडावं लागत नसे."

"काय बोललात?"

"म्हटलं, इंदू, मी हिला पाठवतो. माझी काळजी करू नकोस, मला वरण लावता येतं." ते बॅगेच्या मुठीकडे बघून बोलत होते. "एवढं म्हणालो आणि तो उतरला. तुळजाबाईही त्याच वेळी काहीतरी म्हणत होत्या; त्यांना वाटलं त्यांचं ऐकून आला. मी म्हटलं, वाटू दे. पण मी त्याच्याकडेच बघत होतो. भिंतीवरून उडाला तेव्हापासून. उजव्या पंखात एक पीस पांढरं होतं त्याच्या. पिंडावर बसला, दोनदा चोच मारली, आणि माझ्याकडे बघितलं."

पूर्णिमाने त्यांच्या चष्म्याकडे पाहिलं.

दहाव्याच्या सकाळी क्षौराला बसण्याआधी त्यांनी चष्मा काढून तिच्याकडे दिला होता. तिने तो रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला, आणि घरी आल्यावर, चहा झाल्यावर परत दिला. मधल्या वेळात घाटाच्या पायरीवर ते दोनदा अडखळले होते. भीमरावमामांना त्यांनी दुसरेच कोणी समजून नमस्कार केला होता. भिंतीवरचे कावळे त्यांना काळ्या ठिपक्यांसारखेही दिसले नसतील.

हे त्यांच्या लक्षात नव्हतं, की तिच्या लक्षात नसेल असं त्यांनी धरलं होतं, ते तिला कळेना. त्यांचे कान लाल झाले होते. बोटाला गुंडाळलेला दोरा ते आणखी घट्ट करत होते.

"पांढरं नव्हतं, बापूराव."

मावशी दारात उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. केस सुटलेले, पदर खांद्यावरून घसरलेला.

"करडं होतं," ती म्हणाली.

"असेल," बाबा म्हणाले. "माझी नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही."

"उजव्याच पंखात होतं. पण करडं."

मावशी येऊन दिवाणाच्या कडेवर बसली. तिने बॅगेवर हात ठेवला, लाल पट्टी ओढून पाहिली, टाका पक्का आहे का बघितलं. मग दोघंही पूर्णिमाकडे बघू लागली.

"तू तर सगळ्यात पुढं होतीस," मावशी म्हणाली. "तूच सांग."

पूर्णिमा पुढे होती हे खरं. पण त्या वेळी तिने डोळे गच्च मिटून घेतले होते. ती फडफड तेवढी तिने ऐकली होती.

"पांढरंच होतं," ती म्हणाली.