दोर आखूड पडला म्हणजे

"त्याले हात लावू नको! आबाजीची निशाणी हाये ते!"

"निशाणी हाये तं तुम्हीच ओढा ना बाबा! मले कावून दरसाल दुकानातला, प्लास्टिकच्या पन्नीतला बैल आणून देता?"

हे आज सकाळचं भांडण, मित्रांनो, अन् माह्यावरून. मी एक जुना लाकडी बैल हाये, चाकावरचा, तान्ह्या पोळ्याचा. तवा मी शोकेसच्या काचेमागं होतो. डोकं माह्यं लय गरम हाये, आधीच सांगून ठेवतो. ओरडणारा कमलेश, पोलादाच्या प्लांटात क्रेन चालवते. त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती ते त्याची पोरगी, भाग्यश्री.

मले कमलेशच्या बापानं, म्हणजे भाग्यश्रीच्या आबाजीनं बनवलं, केवलरामनं. तो प्लांटात लाकडाचे साचे बनवे. एक मशीन आली, तिच्या पेटीच्या फळ्या उरल्या. त्या त्यानं मागून आणल्या अन् मरोद्याच्या कॉलनीत आपल्या क्वार्टरसमोर बसून मले कोरलं. चाकात जुन्या बेरिंगा टाकल्या. रस्त्यानं निघालो का असा खडखडाट, का कुत्रे पळून जात. मंग गळ्यात दोर बांधला अन् क्वार्टरायच्या लायनीतल्या सगळ्या पोट्ट्यायले कायदा सांगितला, "दोर वाढवाचा नाही. पोरगं उंच झालं, दोर आखूड पडला, का बैल त्याच्याहून लहान्याले देऊन टाकाचा. तोच त्याचा बोजारा."

बोजारा म्हणजे तान्ह्या पोळ्याले पोट्टे बैल घेऊन दारोदारी जातात, तवा लोकं जे हातावर ठेवतात ते.

पयला मी कमलेशले भेटलो. तो उंच झाला, माह्ये समोरचे चाकं हवेत उचलाले लागले, तरी सोडे ना. वाकून वाकून ओढे, बुढ्यावानी. शेवटी बापानंच दोर हातातून काढला अन् शेजारच्या टिकारामले देल्ला. कमलेश रडला, जेवला नाही. मले तवाच समजाले पाह्यजे होतं, हे पोरगं मनात धरून ठेवते.

टिकारामपासून त्याच्या बहिणीले, तिच्यापासून लायनीतल्या कोणाकोणाले गेलो. दरेकानं आपल्या पसंतीचा रंग मारला. शिंग तुटलं, खिळा ठोकला. एका पोट्टीनं मले भात चारला, तोंडाले मुंग्या लागल्या. त्याचा मले राग नाही. राग पुढचा हाये.

केवलराम वारला. तेरवी झाली अन् कमलेशनं मी ज्या घरी होतो तिथून मले उचललं. तिथलं लेकरू दोर सोडे ना. हा म्हणे, "बापाची निशाणी हाये." पॉलिश मारलं, शोकेसमधी ठेवलं, कुलूप घातलं. पाव्हणे म्हणत, "वा, काय जपलं!" जपलं? कोंडलं मले!

बैल फिरणं बंद झालं तसे लायनीतले सगळेच दुकानाकडे पळाले. सिविक सेंटरच्या बजारातून बटनवाले, लाईटवाले बैल. एक दिवस नाचतात अन् दुसऱ्या दिवशी मुके. समोरच्या नालीत उताणे पडून हायेत. भाग्यश्रीचा मागच्या सालचा तिथंच हाये, पाणी लागलं का अर्धं गाणं म्हणते अन् मरते. त्यायच्यावर कायचा राग काढू? आणणाऱ्यायवर काढतो. अन् तुमच्यावरही, मित्रांनो! पन्नी फाडली का संपली ना तुमची मजा?

तं भांडण. आतून कमलेशची माय शकुबाई आली, हात पिठाचे.

"कमलेश, उघड."

"माय, पोट्टी तोडून टाकन त्याले!"

"तोडू दे. तुह्या बापानं बैल ठोकाच्या खिळ्याचा डब्बा काय पूजेले ठेवला होता? उघड म्हणतो ना."

कुलूप उघडलं. भाग्यश्रीनं मले छातीशी धरून रस्त्यावर आणलं, दोर हातात घेतला अन् पळाली.

माह्ये समोरचे चाकं हवेत.

ती थांबली. वाकून पाह्यलं, अखीन ओढून पाह्यलं. मंग सरळ उभी राह्यली अन् दोराकडे पाहात राह्यली.

शकुबाई हळूच बोलली, "तुह्यी पाळी काचेमागंच गेली वं बाई."

कमलेशचं तोंड उतरलं. "थांब, मी दोर वाढवून देतो. आत्ता बांधतो."

"कायले?" भाग्यश्री भडकली. "आबाजीचा कायदा हाये ना? निशाणी ठेवली, कायदा नाही ठेवता आला?"

बरं झालं. लय दिवसाचं माह्यं ते वाक्य तिच्या तोंडून निघालं.

शेजारच्या दारात टिकारामचा लहाना पोरगा, अभिनव, उभा होता. हातात बटनवाला बैल, अजून पन्नीतच. भाग्यश्रीनं त्याच्या हातात माह्या दोर कोंबला.

"धर बे. नालीत नेशीन तं मार खाशीन. अन् दोर आखूड पडला का देऊन टाकजो, रडजो नको."

अन् तीच रडून राह्यली होती.

कमलेशनं अभिनवच्या हातातला पन्नीतला बैल घेतला. "दे इकडं. वापस करून येतो दुकानात." पोरीकडे मात्र पाहू शकला नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी असा कोणी काचेमागं कोंडला असन. त्याले काढा. उद्या काढू म्हणसान, अन् घरातलं पोरगं उंच होऊन जाईन. अजून लय शिव्या देणं बाकी हाये मले, पण अभिनवनं दोर ताणला. चारही चाकं जमिनीवर हायेत.

सरका बाजूले. जातो मी.