आरतीचा गुडघा

डोळे मिटायची गरज नाही, उघडे ठेवूनच पाहा. १९९४चा मार्च. लातूरच्या एका गल्लीतलं घर. अंगणातून वर जाणारा बारा पायऱ्यांचा जिना. वरच्या खोल्यांत शिकवण्यांसाठी बाहेरगावाहून आलेली मुलं राहतात आणि खाली तारामतीबाई त्यांचे डबे करतात. अंगणात बाजेवर नऊ वर्षांची मुलगी बसली आहे. तिच्या जागी तुम्ही बसा. उजवा पाय लांब करा. आता तो गुडघ्यात वाकवायचा नाही, काही झालं तरी.

ही आरती. सहा महिन्यांमागं भूकंपात औशाकडचं तिचं घर पडलं. आई गेली. आरतीचा पाय दगडांखाली सापडला. वडील, बजरंग, गावी पत्र्याच्या शेडमध्ये राहिले आणि तिला आपल्या बहिणीकडे, तारामतीकडे, ठेवून गेले. प्लास्टर निघून महिना झाला होता. आरती रडत नव्हती, काही मागत नव्हती. ताट पुढे आलं की जेवायची, उचललं की थांबायची.

गल्लीतल्या बायका मायाळू. कोणी पाणी हातात देई, कोणी वेणी घाली. भूकंपाचं लेकरू म्हणून तिला जागचं हलू देत नसत. पाय मात्र लाकडासारखा होत चालला.

डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला. हाड जुळलंय, म्हणाले, पण पाय वापरला नाही तर जूनपर्यंत गुडघा आखडेल आणि मग जन्मभर तसाच राहील. त्यावर गोळी नाही. घरातली कामं करू द्या. उकिडवं बसू द्या, उठू द्या, जिना चढू द्या.

दुसऱ्या दिवशी तारामतीनं मेथीची जुडी तिच्यापुढे टाकली, तीही खाली जमिनीवर. मग फरशी पुसायचं फडकं दिलं. मग वर नेऊन द्यायला दुपारचा एक डबा. पहिल्या दिवशी आरती चार पायऱ्या चढली आणि बसली. डावा पाय वर ठेवायचा, उजवा मागून ओढून घ्यायचा. दुखायचं, पण ते दुखणं शेजारच्या घरातलं असावं तसं लांबून कळायचं. पंधरा दिवसांत ती वर पोचू लागली. फरशी पुसताना टाच जमिनीला टेकू लागली.

वर अर्धापूरचा मुकुल राहायचा. बाकीची मुलं तिच्या हातून डबा घेताना हार घातलेल्या फोटोकडे बघावं तसं बघत. हा म्हणे, "आरतीबाई, पोळ्या पुन्हा गार. तुमच्याआधी नांदेडची एसटी पोचते." दुसऱ्या दिवशी डबा थोडा लवकर येई, इतकंच.

एक दिवस समोरच्या धोंडाबाईंनी तिला फरशी पुसताना पाहिलं.

"तारे, बिनआईचं लेकरू कामाला लावून राहिलीस? भावाला काय तोंड दाखवशील?"

तारामतीचं लाटणं थांबलं. तिनं डॉक्टरांचं म्हणणं सांगून पाहिलं, पण ते तिचं तिलाच सबबीसारखं ऐकू आलं. संध्याकाळपर्यंत फडकं, भाजी, डबा, सगळं तिनं काढून घेतलं. आरती पुन्हा बाजेवर बसली. कुणी बसवलं की बसायची तिला सवयच होती.

आठ दिवस गेले. नवव्या दिवशी सकाळी ती मोरीत बसायला गेली, तर गुडघा अर्ध्यातच अडला. भिंत धरून तिनं जोर लावला. पाय हलला नाही. ती तशीच उभी राहिली.

दुपारी डबे भरून दारात मांडले होते. आत्या आत शेवटच्या पोळ्या लाटत होती. धोंडाबाई जिन्याच्या खालच्या पायरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. आरती बाजेवरून उठली. मुकुलचा डबा तिनं उचलला आणि जिन्यापाशी येऊन उभी राहिली.

"बस माय तू, मी देते नेऊन," धोंडाबाई म्हणाल्या.

"मावशी, सरका," आरती म्हणाली.

कितीतरी दिवसांत तिनं कुणाला असं काही सांगितलं नव्हतं. धोंडाबाईंनी दाराकडे पाहिलं. तारामती पिठाच्या हातांनी तिथं आली होती. ती पुढे झाली नाही. धोंडाबाईंनी सूप उचललं आणि त्या बाजूला सरकल्या.

आरतीनं एका हातानं कठडा धरला आणि इतके दिवस मागून ओढलेला उजवा पाय आधी पायरीवर ठेवला.