खिडकीपाशी वाळणारा निळा

मित्रांनो, कापडं रंगवायच्या कारखान्यात, खिडकीखाली बसलेला मी एक जुना बाक आहे. बाकावर बसतात, बाक कुठला बसतोय, असं म्हणाल. पण इथे माझ्याखेरीज निवांत बसायला मिळतंय कुणाला?

सुताराच्या हातून आलो तेव्हा मी नुसता लाकडी होतो. मग रंगवलेले नमुन्याचे तुकडे माझ्यावर वाळू लागले आणि माझ्या अंगात किती संध्याकाळी, किती समुद्र मुरले, मलाच ठाऊक नाही. तुकडा वाळला की रंगारीण मावशी सगळ्यांना हाक मारायची. मग घोळका, वाद, चेष्टा. त्यातच नवे लोक शिकून जायचे.

पुढे फोनवर ग्रुप आला. "बरं झालं, खेपा वाचल्या," मावशीच म्हणाली. फोटो जायचे, अंगठे यायचे. माझ्यावर बादल्या येऊन बसल्या.

एकदा नाट्यगृहाचा पडदा आला. अर्धा मावशीने रंगवला, उरलेला तिच्या भाचीकडे आला. तिचं पहिलंच स्वतंत्र काम. रंग जुळला तर रंगाचा हौद तिच्या हाती, नाहीतर तिने परत कापडं धुवायला जायचं, असं मालकांनी बजावलेलं. मावशी त्या दिवशी घरी होती. भाचीने नमुन्याचा फोटो ग्रुपवर टाकला. अंगठे, फुलं, मध्येच कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. मावशीचाही अंगठा आला, आणि भाचीने उरलेला अर्धा रंगवून टाकला.

सकाळी पडद्याचे दोन्ही अर्धे भाग शेजारी आले. मावशीचा गडद रात्र, भाचीचा वाळून फिकट पहाट.

"मावशी, तूच तर अंगठा दिलास."

"मला वाटलं, तुकडा वाळलाय. ओला रंग गडदच दिसतो, बाई."

"मग विचारायचंस की."

"केकाच्या गर्दीत? आणि फोनात हात घालून ओलं-कोरडं कळतं होय?"

भाचीने माझ्यावरच्या बादल्या उतरवल्या. नवा तुकडा बुडवून माझ्यावर पसरला. सगळे जमले. ऊन हळूहळू सरकत होतं आणि त्याच्याबरोबर निळा रंग झोपेत कूस बदलावी तसा बदलत होता. मलाही वाटलं, मी खोल पाण्यात तरंगतोय.

"अजून एक बुडी हवी," शेवटी भाची म्हणाली.

मावशीने होकारार्थी मान डोलावली.

संध्याकाळी मालकांनी पडद्याच्या वाळलेल्या दोन्ही भागांवरून हात फिरवला. "मावशीचा अर्धा कुठला?"

"ओळखा," भाची म्हणाली. त्यांना ओळखता आलं नाही.

ग्रुप अजून आहे. सुट्ट्या कळवायला झकास आहे. पण मित्रांनो, हाताचं काम शिकायचं असेल तर एकमेकांच्या शेजारी येऊन बसा. आणि मला घासून चकचकीत करू नका. भाचीच्या त्या तुकड्याचा निळा डाग अजून माझ्या काठावर आहे. काल एक नवी मुलगी त्यावर बोट ठेवून विचारत होती, "हा कसा जमला?"

भाची तिच्यासाठी सरकून बसली.