बासी ईदचा आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. पण तुमच्या घरातल्या आरशाशी माझं नातं लावू नका. तो बिचारा खरं बोलतो. मी आयुष्यभर खोटं बोलत आलो आणि लोक तिकीट काढून माझं खोटं बघायला आले. काडीसारखा माणूस माझ्यासमोर उभा राहिला की मी त्याला पिंपाएवढा करून दाखवायचो. सध्या मात्र मी कुणालाच काही दाखवत नाही. मी ताडपत्रीत बांधलेला आहे. तुम्हाला वेळ असेल तर माझी हकीकत ऐका. मला तर वेळच वेळ आहे.

माझा जन्म कोल्हापूरच्या उद्यमनगरात झाला आणि तोही चुकून. मी खरं तर मिठाईच्या दुकानाच्या काउंटरसाठी आणलेला चकचकीत स्टीलचा पत्रा होतो. केरबा मिस्त्री मला मशीनमधून काढत होते, तेवढ्यात काहीतरी सरकलं आणि मी मधोमध फुगलो. "गेला की पत्रा!" म्हणत केरबांनी कपाळाला हात लावला आणि मला भिंतीला टेकवून ठेवलं. त्याच वेळी एक बागेचे मालक आपल्या छोट्या आगगाडीचं चाक दुरुस्त करून घ्यायला आले होते. त्यांना माझ्यात आपलं पोट दिसलं. ते हसायला लागले. त्यांनी केरबांना ओढून शेजारी उभं केलं, तेही हसायला लागले. मित्रांनो, ज्या चुकीमुळे मी टाकाऊ ठरलो होतो, तीच पुढे माझा धंदा झाली.

मालकांची बाग रत्नागिरी रस्त्यावर होती. तिथे आगगाडी होती, पाळणे होते, डोलणारी होडी होती. मालकांनी बागेला भारदस्त नाव दिलं होतं, पण लोक तिला झुकझुक बागच म्हणत. १९९४ साली मला तिथे आंब्याखाली लाकडी चौकटीत उभं केलं. माझी देखभाल ज्ञानूकडे होती. ज्ञानू कोडोलीचा. सकाळी फडक्याने मला पुसायचा, आणि जूनमध्ये मृग निघाला की ताडपत्रीत गुंडाळून रश्शीने करकचून बांधायचा. मग पावसाळाभर बाग बंद. गांधी जयंतीच्या आदल्या दिवशी तो गाठी सोडायचा.

पहिली काही वर्षं माझी फार चैन होती. शाळांच्या सहली यायच्या, लग्नाची वऱ्हाडं यायची. माझ्यासमोर रांग लागायची. हसून हसून लोक खाली बसायचे. पण तुम्हाला खरं सांगू? त्या गर्दीत मी एकटाच होतो. माझ्यासमोर हजारो माणसं उभी राहिली, त्यांतल्या एकानेही मला पाहिलं नाही. सगळे स्वतःलाच बघत होते. आणि जी माणसं मुळातच अंगाने जाड, ती लांबूनच वाट बदलायची. त्यांचं मला फार वाईट वाटायचं.

अशातच १९९५ च्या मार्चमध्ये बाबालालचं कुटुंब आलं.

बाबालाल मलकापूरचा पिंजारी. गाद्या भरायचं त्याचं दुकान होतं. अंगाने इतका बारीक की बंडी खुंटीला टांगल्यासारखी दिसायची, आणि भुवयांत कायम कापूस अडकलेला. बरोबर बायको इमामबी, मुलगा शहजाद आणि पाच वर्षांची शबनम. आदल्या दिवशी ईद झाली होती. ईदचा दुसरा दिवस म्हणजे बासी ईद. पाहुणेरावळे उरकून त्या दिवशी घरातली माणसं फिरायला बाहेर पडतात. ही मंडळी एसटीने शीरखुर्म्याचा डबा घेऊन आली होती.

बाबालालने माझ्यात पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. त्याने पैलवानासारखी मांडी वाकवून फाडकन शड्डू ठोकला.

"बघ इमाम, गडी कसा दिसतोय! पुढच्या ईदपातूर आसा झालो न्हाय तर नाव बदल."

"आलाय मोठा काडीपैलवान!" इमामबी पदर तोंडाला लावून हसली.

शबनम मात्र हसली नाही. तिला वाटलं, आत एक जाड मुलगी राहते. ती तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अब्बा, सगळ्यांची गळाभेट झाली, ह्या जाडीची ऱ्हायली की." आणि तिने दोन्ही हात पसरून मला मिठी मारली. मार्चचं ऊन होतं, मी चांगलाच तापलो होतो. तिचा गाल भाजला, तरी तिने लगेच सोडलं नाही. "ईद मुबारक, जाडे," ती माझ्या कानाशी म्हणाली. मला कान नाहीत, पण मी ऐकलं.

त्या दिवसापासून मी बासी ईदची वाट बघायला लागलो.

आधी मला कळेना की ही मंडळी दर वर्षी आधीच कशी येतात. मार्चमध्ये आली, मग फेब्रुवारीत, मग जानेवारीत. एकदा ज्ञानूनेच बाबालालला विचारलं, "बाबालालभाई, तुमचा सण एका जाग्यावर का बसंना?"

"चंद्राचं गणित हाय ते. दरसाली धा-अकरा दिवस मागं सरकतंय."

"आमच्यात बी चंद्रच हाय की. पर आमी अधिक महिना घालून त्याला जाग्यावर आणतो."

"आमच्यात कोण आणत न्हाय. ईद सगळं वरीस हिंडून येती. उनात, थंडीत, पावसात. सगळ्यास्नी तिचा वाटा."

मला हे फार आवडलं. २००० साली तर ती एकाच वर्षात दोनदा आली, जानेवारीत एकदा आणि डिसेंबर सरताना पुन्हा. मी जानेवारीच्या थंडीत गारठलो होतो. शबनम मिठी मारून किंचाळली, "गार पडली की गं जाडी!" तोपर्यंत ती दहा वर्षांची झाली होती आणि आत कुणी मुलगी राहत नाही हे तिला ठाऊक होतं. तरी जाडीशी बोलणं तिने सोडलं नव्हतं. बाबालालचा शड्डू आणि तीच शपथही चालू होती. शहजाद आगगाडीच्या इंजिनाशी बसून असायचा. आंब्याखाली चटई टाकून चौघं शीरखुर्मा खायची आणि एक वाटी ज्ञानूला द्यायची. निघताना शबनम म्हणायची, "येतो गं, पुढच्या ईदला."

पण दिवस सारखे राहत नाहीत. शबनम तेरा वर्षांची झाली त्या वर्षी ती माझ्यासमोर हाताची घडी घालून उभी राहिली. ओढणी सारखी केली. मिठी मारली नाही. माझ्या चौकटीत मी किती कासावीस झालो असेन, तुम्हीच विचार करा. सगळे पुढे गेले तेव्हा ती मागे राहिली, इकडेतिकडे बघितलं आणि दोन बोटं मला हळूच लावली. पुढे दर वर्षी तेवढंच. दोन बोटं. मी त्यांच्यावर समाधान मानायला शिकलो.

बागेचेही दिवस फिरले. शहरात नव्या करमणुकी आल्या. आगगाडी बंद पडली ती पडलीच. होडीचा रंग उडाला. माझ्यासमोरची रांग गेली आणि चौकटीच्या मागे मुंग्यांची रांग लागली. शहजाद कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला लागला. त्याला ईदची सुट्टी मिळायची, बासी ईदची नाही. चौघांची तिघं झाली. बाबालालच्या छातीत आयुष्यभराचा कापूस बसला होता. शड्डू ठोकल्यावर त्याला धाप लागायची. माझ्यासमोर तो जाड दिसायचा, आणि इमामबी त्याच्याकडे न बघता माझ्याकडेच बघत राहायची. त्या वेळी मला माझ्या खोटेपणाची लाज वाटली नाही.

२००८ साली ईद नेमकी गांधी जयंतीला आली. दुसऱ्या दिवशी ती तिघं आली तेव्हा ताडपत्री निघून दोनच दिवस झाले होते. अंगाला अजून ओलसर वास होता. शबनमने दोन बोटं लावली, म्हणाली, "येतो गं, पुढच्या ईदला." मित्रांनो, मी चौदा वर्षं दहा-अकरा दिवसांचं गणित करत आलो होतो. पुढची ईद सप्टेंबरात येणार होती. सप्टेंबरात बाग बंद असते आणि मी बांधलेला असतो. त्यांना हे कसं माहीत असणार? बासी ईद सोडून ती माणसं कधी बागेत आलीच नव्हती. त्यांच्या लेखी झुकझुक बाग वर्षभर उघडीच होती. ज्ञानूच्याही ध्यानात आलं नाही. ज्याला माहीत होतं, त्याला तोंड नव्हतं.

ते वर्ष मला फार जड गेलं. मृग निघाला आणि ज्ञानूने गाठी आवळल्या. अंधारात मी दिवस मोजत राहिलो. सप्टेंबर सरत आला, पाऊस काही हटेना. आणि एका दुपारी फाटकाशी एसटी थांबल्याचा आवाज आला.

"ओ पावणं!" ज्ञानू ओरडला. "बाग बंद हाय! गांधी जयंतीला उघडती!"

"बंद म्हंजे?" हा बाबालालचा आवाज. आधी खोकला, मग शब्द. "चौदा वर्सं येतोय की आमी. कवा बंद नव्हती."

"आवो बाबालालभाई! तुमी व्हय! आवो, पावसाळ्यात बंदच असती की ही."

ताडपत्रीवर पाऊस वाजत होता. मग इमामबी म्हणाली, "चला, फिरा माघारी. भिजून तुमची छाती भरंल. पोरीला इजापूरला जायचंय, लगीन तोंडावर आलंय."

लग्न! मला तेव्हा कळलं. शबनमचं सासर विजापूरला होतं. म्हणजे ही तिची माहेरची शेवटची बासी ईद होती.

"ज्ञानूमामा," शबनमचा आवाज आला. "होडी नको, पाळणा नको. मला आरशापातूर तेवढं सोडा."

कुलूप निघाल्याचा आवाज झाला. चिखलातून पावलं जवळ आली. ज्ञानू माझ्या गाठींशी झटायला लागला. पण रश्शी पावसाने फुगून दगड झाली होती. त्याची बोटं सरकत होती.

"सुटंना पोरी. कोयता आणतो, कापूनच टाकू."

मित्रांनो, मला वाटलं, काप बाबा, काप लवकर. पण शबनम म्हणाली, "नको मामा. कापली तर पावसात भिजंल की त्यो. आसू दे तसाच."

"मग दिसणार काय तुला?"

"दिसायला कशाला पायजे?"

आणि तिने ताडपत्रीसकट मला मिठी मारली. सात वर्षांनी. मी तिला पाहू शकलो नाही. ती किती उंच झाली, मेंदी लागली होती का, मला काही ठाऊक नाही. तिची बांगडी ताडपत्रीवर वाजली आणि तिचा गाल जिथे टेकला होता तिथे ओल्या कापडातून थोडीशी ऊब आली. "ईद मुबारक, जाडे," ती म्हणाली. आत जाडी नव्हती, शबनम नव्हती, कुणीच नव्हतं. एवढ्या वर्षांत माझ्याकडे येणाऱ्याला माझ्यात काहीच दिसत नाही, असं पहिल्यांदाच घडलं. तरी ती आली होती. ती मलाच भेटायला आली होती.

बाजूला बाबालाल उभा होता. शड्डूचा आवाज आला नाही. तो म्हणाला, "झाकलाय त्येच बरं हाय. यंदा त्याला बी मला जाड दाखवायला जमलं नसतं."

"गप बसा," इमामबी म्हणाली.

त्यांनी ज्ञानूच्या खोलीच्या वळचणीला उभं राहून शीरखुर्मा खाल्ला. मग एसटी आली.

त्या वर्षी गांधी जयंती आली आणि गेली, माझ्या गाठी सुटल्या नाहीत. मालक थकले होते, त्यांच्या मुलांना बागेत रस नव्हता. बाग उघडलीच नाही. ज्ञानू कोडोलीला निघून गेला. जाताना त्याने ताडपत्रीवर दोनदा थोपटलं. तेव्हापासून मी असाच उभा आहे.

मित्रांनो, मला चकचकीत पुसा असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या घरात, आळीत एखादी जुनी वस्तू, एखादं जुनं माणूस असंच झाकून ठेवलेलं असेल. तिथे तुम्हाला तुमचं काही दिसणार नाही, मिळणार नाही. तरी एकदा जवळ जा. हाक मारा. आत ऐकू येतं.

माझं म्हणाल, तर मी गणित सोडलेलं नाही. ईद अजून पावसात आहे, पण ती कुठे थांबत नाही. अजून काही वर्षांनी ती सरकत सरकत मृगाच्या अलीकडे येईल, कोरड्या दिवसांत. तेव्हा रश्शी वाळलेली असेल आणि गाठी हाताने सुटतील. शबनम तिशीला आलेली असेल, बरोबर तिची मुलं असतील. आणि बाबालाल जाड झाला का, ते मला बघायचं आहे.