बसका ओटा

“आकाराम, हा ओटा कुणाच्या मापानं केलास रं?”

नव्या मॅटॅडोरमध्ये पाट मांडून चिमणाबाई मांडी घालून बसल्या होत्या आणि हात वर करून ओट्याची कड चाचपत होत्या. ओटा त्यांच्या डोक्याच्या बरोबरीला आला होता. खाली बसलेल्या बाईला त्यावरचा तवासुद्धा दिसला नसता, मग भाकरी उलटणं लांबच.

गाडीच्या दारात उभ्या असलेल्या आकाराम सुतारानं कानावरची पेन्सिल काढली आणि पुन्हा कानावरच ठेवली. उद्यमनगरातल्या त्याच्या शेडमध्ये पलीकडं पत्रा ठोकायचं काम चाललं होतं. त्या आवाजाचा फायदा घेऊन त्यानं प्रश्न ऐकूच आला नाही असं दाखवलं.

“चुकलं व्हय?” चिमणाबाई हसल्या. “चुकू दे. जुन्या फार्गो गाडीत तूच केलतास की बसका ओटा. आता काप आणि खाली घे. अजून दिवस हायत.”

त्या खुशीत होत्या, म्हणून चूक पोटात घालायला तयार होत्या. एरवी त्यांचा तोंडाचा पट्टा सगळ्या शाहूपुरीला ठाऊक होता. पण आज नवी गाडी पहिल्यांदाच आतून बघायला मिळाली होती, आणि ही गाडी त्यांची होती. म्हणजे कागदोपत्री ती त्यांच्या धाकट्या भावाची, गुळाच्या अडतीतल्या बापूसो मगदूमांची. पण तिच्यातला प्रत्येक खण, प्रत्येक खुंटी चिमणाबाईंच्या डोक्यातून उतरलेली होती.

मगदूमांच्या घरी यात्रेसाठी स्वतःची गाडी ठेवायची पद्धत अप्पांनी पाडली. अप्पा म्हणजे या दोघांचे वडील. कट्टर जैन माणूस. बाहेरचं अन्न नाही, न गाळलेलं पाणी नाही, आणि दिवस मावळल्यावर तोंडात घास नाही. असं कुटुंब एस.टी.नं श्रवणबेळगोळला जाणार कसं? म्हणून त्यांनी एका सिनेमा कंपनीची मोडीत निघालेली फार्गो विकत घेतली आणि आतून सगळी उपसून काढून तिच्यात घर बसवलं. सदुसष्ट सालच्या महामस्तकाभिषेकाला मगदूम मंडळी त्याच गाडीतून गेली. आत काम करणारी बाई एकच होती. लग्नानंतर दीड वर्षात कपाळ पुसून माहेरी परतलेली चिमणा.

त्यामुळं फार्गोचं आतलं अंग त्यांना स्वतःच्या अंगासारखं माहीत होतं. सगळं काम सागवानी. झोपायच्या फळ्या टणक, काथ्याच्या गाद्यांच्या, सकाळी पाठ धरायची. खिडक्या चालत्या गाडीत खडखडायच्या. स्टोव्हचा धूर आतच कोंडायचा आणि बंगळूरच्या रस्त्याला लागेस्तोवर सगळ्यांचे डोळे लाल. पण पिठाची पेटी अशी की तिचं झाकण लावलं की मुंगी शिरायची नाही. हंडा ठेवायला पितळी कडं होतं, घाटातसुद्धा थेंब सांडला नाही. आणि त्या कड्याशेजारी तो बसका ओटा, मांडी घालून बसलं की सगळं हाताशी.

दिवाळीनंतर बापूसोनं फेब्रुवारीतल्या महामस्तकाभिषेकासाठी नव्या गाडीचा विषय काढला, तेव्हा तो मुद्दाम चिमणाबाईंच्या शेजारी येऊन बसला होता. “अक्का, तू सांग. जुन्या गाडीत काय बरं होतं, काय खुपत होतं? नवी तुझ्याच मनासारखी करायची.” चिमणाबाई परसातल्या पत्र्याखाली उभ्या असलेल्या फार्गोत जाऊन बसल्या. आठवून आठवून सांगत गेल्या. आकाराम खाली बसून माप घेत गेला.

आणि खरंच, त्यांचं सगळं ऐकलं होतं. स्टोव्हच्या वर, धूर जायला वेगळी खिडकी. गाद्या फोमच्या, वर तपकिरी रेक्झिन. हात फिरवला तर मऊसूत, वास मात्र नव्या चपलेचा. भिंतींना सनमायका, पुसली की झालं. खिडक्यांना रबर, त्यामुळं आवाज नाही. पिठाची पेटी जशीच्या तशी. पाण्याला टाकी नको, हंडाच हवा, हेही ऐकलं होतं. कारण साठवलेलं पाणी त्यांच्यात चालत नाही, लागेल तसं गाळून घ्यावं लागतं. हंड्याच्या बाजूला, त्यांनी सांगितली तशी, लहान बादली अडकवायची आकडी होती. पाणी गाळल्यावर फडक्यात बारीक जीव अडकतात. फडकं उलटं करून, वरून पाणी ओतून ते या बादलीत घ्यायचे आणि ज्या विहिरीचं पाणी तिच्यातच परत सोडायचे. “जीव जिथला तिथं पोचला पाहिजे,” असं अप्पा म्हणत. ही आकडी बघून चिमणाबाईंना अप्पांची आठवण आली आणि डोळ्यांत पाणीसुद्धा आलं.

लाकूड सागवानी नव्हतं, प्लायवूड होतं. एवढं एक त्यांना आवडलं नाही. आणि हा ओटा.

“अक्का,” आकाराम शेवटी म्हणाला, “वटा चुकल्याला न्हाई. शेठनीच सांगितलं उभ्याचा कर म्हणून.”

“का?”

“आचाऱ्याला उभा ऱ्हाऊन सवय हाय म्हणं.”

“कुठला आचारी?”

पत्रा ठोकणाऱ्यानं नेमकं तेव्हाच काम थांबवलं. चिमणाबाई पाटावरून उठल्या. गुडघे कुरकुरले. त्यांनी गाडीत एकवार नजर फिरवली. मघाशी गादीचा मऊपणा बघण्याच्या नादात त्यांनी झोपायच्या फळ्या मोजल्याच नव्हत्या. पाच होत्या. बापू, त्याची बायको सीता आणि पोरगी त्रिशला. उरलेल्या दोन कुणाच्या, हेही लगेच लक्षात आलं. त्रिशलाचं सांगलीला ठरलं होतं. व्याही आणि विहीण.

“तुला ठावं होतं?”

“मी कामाचा माणूस अक्का…”

“तुला ठावं होतं का, ते इचारलं.”

“व्हय,” आकाराम मान खाली घालून म्हणाला. “शेठ म्हणाले, गाडी पुरी हुईपतूर अक्काला बोलू नगंस. तिचं डोकं लागणार हाय.”

चिमणाबाईंनी पाट उचलला, काखेत मारला आणि त्या रिक्षा न करता चालत घरी आल्या.

बापूसो वाईट माणूस नव्हता. वाईट माणूस निदान तोंडावर बोलतो. बापूसो मऊ होता, आणि मऊ माणसं ज्याला फसवतात त्याच्याच शेजारी बसून जेवतात. त्या संध्याकाळी, उजेड असतानाच, तो ताटावर बसला आणि म्हणाला, “काय अक्का, बघितलीस गाडी? झकास झाल्या की न्हाई?”

“ओटा उंच झालाय.”

“आजकाल तसलाच करत्यात.”

“आचारी कुठला ठरवलास?”

सीताबाई घाईनं म्हणाल्या, “वन्सं, तुमच्या गुडघ्यांचाच विचार केला. किती पायऱ्या हायत तिथं! आणि विहीणबाई जरा जुन्या वळणाच्या. शुभकार्य ठरलंय, निघताना समोर…” पुढचं वाक्य त्यांनी कढीत बुडवलं.

चिमणाबाईंना विहिणीचा राग आला नाही. परक्या बाईचा कसला राग? सीताचाही फारसा नाही. त्यांनी त्रिशलाकडं पाहिलं. त्रिशला ताटातल्या भाताला बोटानं रेघा ओढत होती. म्हणजे पोरीलाही ठाऊक होतं. आतून काहीतरी तुटलं ते तेव्हा.

सदुसष्ट साली ही पोर सहा वर्षांची होती आणि अभिषेकाच्या दिवशीच तापानं फणफणली होती. सगळे डोंगरावर गेले. चिमणा तिला मांडीवर घेऊन फार्गोत बसली. वर हजारो माणसांचा जयजयकार चाललेला, आणि खाली ही कपाळावरच्या पट्ट्या बदलतेय. बाहुबलींचं तोंड तिला दिसलं नाही ते नाहीच. संध्याकाळी बापू खाली उतरला तेव्हा त्याच्या कपड्यांवर केशराचे शिंतोडे होते. त्यानं बहिणीच्या पायांवर डोकं ठेवलं. “अक्का, पुढच्या खेपेला तुला वर नेणार. डोली न्हाई मिळाली तर पाठीवर घेतो.” तिनं मागितलं नव्हतं, त्याचं त्यानंच दिलं होतं. त्या एका शब्दावर चिमणाबाईंनी चौदा वर्षं काढली. सणावारी सगळे देवदर्शनाला गेले, की या चूल सांभाळत मनात म्हणायच्या, माझं एकदाच हाय, पण मोठं हाय.

“बापू, तू पाठीवर घेणार हुतास,” त्या म्हणाल्या.

“आता वय झालं की अक्का माझं बी,” बापूसो म्हणाला आणि हसायला बघितलं. “तिथनं अभिषेकाचं गंधोदक आणतो की तुला.”

पुढचे दिवस चिमणाबाईंनी कामाला कमी केलं नाही. लाडू वळले, मेतकूट केलं, गाळण्याची फडकी धुवून घड्या घातल्या. शेजारच्या बयाबाईंनी विचारलं, “कवा निघायचं?” तर म्हणाल्या, “त्यास्नी इचारा.” रागावून उपाशी राहणं, दार लावून घेणं हे त्यांना जमत नव्हतं. पण बापूसोचं ताट वाढताना त्या आता त्याच्याकडं बघत नव्हत्या.

फेब्रुवारीतली ती सकाळ. मॅटॅडोरला झेंडूची माळ. सांगलीची मंडळी आदल्या दिवशीच आली होती. विहीणबाई फोमच्या गादीवर बसून उसळी घेऊन बघत होत्या. आणि आचाऱ्याचा भाऊ सायकल हाणत आला. आचारी काविळीनं आडवा झाला होता.

बापूसोच्या तोंडचं पाणी पळालं. विहीणबाई शुद्ध खाणाऱ्या. कुणाच्याही हातचं त्यांना चालणार नव्हतं. सीताबाईंना प्रवासात गाडी लागायची. आत कुजबुज झाली आणि मग बापूसो स्वयंपाकघराच्या दारात आला.

“अक्का, बोचकं बांध. चल.”

खोटं कशाला सांगा, चिमणाबाई हरखल्या. क्षणभर त्यांना सगळं माफ करावंसं वाटलं. आचारी, फळ्या, आकारामचं लपवणं, सगळं.

“निघताना मी समोर चालंन व्हय?”

“आता असं काय बोलतीस? विहीणबाईच म्हणाल्या, शुद्ध करणारं माणूस घरातच हाय की.”

“झोपू कुठं?”

“मधल्या वाटेत गादी टाकू.”

“आणि डोंगरावर?”

बापूसोनं टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. “गर्दी किती असणार, अक्का. भांडीकुंडी, सामान… गाडीजवळ कुणीतरी लागतंच की.”

चिमणाबाई अंगणात आल्या. मॅटॅडोरचं दार उघडं होतं. आत त्यांची धुराची खिडकी दिसत होती, पिठाची पेटी दिसत होती, आकडीला बादली लटकत होती. आणि मधोमध तो ओटा.

“ओटा उभ्याचा हाय, बापू,” त्या म्हणाल्या. “मला न्हाई जमायचं.”

“अगं, बसायला स्टूल घेऊ की!”

“न्हाई.”

त्यांनी आवाज चढवला नाही. शेवटी सीताबाई पदर खोचून म्हणाल्या, “मीच करते, काय व्हायचं ते होईल.” चिमणाबाईंनी फडक्यांची घडी आणून त्रिशलाच्या हातात दिली. “दुहेरी धर. आणि जिथलं पाणी, तिथंच परत सोड. इसरू नगंस.”

“आत्ती…” त्रिशला रडायला लागली.

“रडू नगंस. वर जा, नीट बघ. माझ्या वाटणीचं न्हाई. तुझं तुझं बघ.”

गाडी गेली. रबरामुळं खिडक्यांचा आवाजसुद्धा आला नाही. रस्त्यावर झेंडूच्या दोन-चार पाकळ्या तेवढ्या राहिल्या.

दुपारी आकाराम आला. फार्गोचं सागवान बापूसोनं त्याला देऊन टाकलं होतं. तो मुकाट्यानं परसात गेला आणि स्क्रू काढायला लागला. चिमणाबाई आडाजवळ भांडी घासत होत्या, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. थोड्या वेळानं त्यानं काहीतरी जड उचलून आणलं आणि आडाशेजारच्या फरशीवर ठेवलं. बसका ओटा होता, पितळी कड्यासकट. ओलं फडकं घेऊन त्यानं वरची धूळ पुसली.

“ह्यो तुमचा हाय, अक्का,” तो म्हणाला.

तो निघून गेला.

ऊन कलायला लागलं तसं त्यांनी स्टोव्ह बाहेर आणून ओट्यावर ठेवला. पाट घेतला. मांडी घातली. हात कुठंही ताणावा लागला नाही. मग आडाचं पाणी शेंदलं, हंडा कड्यात बसवला, तोंडाला दुहेरी फडकं लावून पाणी गाळलं. एकटीपुरतं कितीसं लागणार? भात टाकला, आमटी केली आणि दिवस मावळायच्या आत जेवून घेतलं.

सगळं आवरल्यावर त्यांनी फडकं उलटं केलं, वरून तांब्याभर गाळलेलं पाणी ओतून ते घरातल्या लहान बादलीत घेतलं. फडक्यात काय अडकलं असेल ते डोळ्यांना दिसत नाही. गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या आणि बादली दोरीनं अगदी पाण्याला टेकेपर्यंत आडात सोडली, ज्याचं घर त्याला परत मिळावं म्हणून.