बिनधुतलेलं अंगडं

“डांबरगोळ्या घालून ठेव, दरसाल बदल, पण धुवायचं मात्र नाही. धुतलं की मुलाचं नशीब पाण्यात जातं.”

सासूबाईंना जाऊन बावीस वर्षं झाली, तरी लान-इनला हे त्यांच्याच आवाजात ऐकू यायचं. तिच्या एकुलत्या मुलाने, वेन-हाओने, महिन्याचा झाल्यावर घातलेलं लाल अंगडं तिने एकतीस वर्षं पेटीत तसंच जपलं. परवा नातवाला महिना झाला. लाल अंडी वाटली, तिळाच्या तेलातली कोंबडी शिजली. पोकुंग या भूमिदेवापुढे रोजचे चहाचे तीन पेले ठेवून तिने ते अंगडं बाळाच्या अंगात घातलं.

आज बाळ तालुक्याच्या दवाखान्यात होतं. ओठ कागदासारखे, डोळे हळदीसारखे, लंगोटावर काळ्या चहासारखा डाग. इवल्या पायात सुई होती आणि कुणा अनोळखी माणसाचं रक्त थेंबाथेंबाने आत जात होतं.

डॉक्टरीण पेंग वयाने लहान होती, पण बोलणं शांत. “सकाळपेक्षा रक्त आणखी उतरलंय. आम्ही भरतोय आणि आत तांबड्या पेशी फुटताहेत. म्हणजे ज्याने हे सुरू झालं ते अजून बाळाला लागतंय. काय ते आठवा. बाळाच्या आईने बाकल्याच्या शेंगा खाल्ल्या? कुणी कडू मुळीचा काढा चाटवला? घरात डांबरगोळ्या?”

“मी शेंगांकडे बघितलंसुद्धा नाही,” च्यिन-ली म्हणाली. लान-इनची ही सून काल दुपारपासून पलंगाच्या कठड्याला धरून उभी होती. “काढा घरातच नाही. गोळ्या आईंनी आजार कळला त्याच दिवशी काढल्या. हो ना, आई?”

लान-इनने होकारार्थी मान हलवली.

खोटं नव्हतं ते. बाळ नऊ दिवसांचं असताना परिचारिका कार्ड घेऊन घरी आली होती. जन्मल्यावर टाचेतून घेतलेल्या रक्तात बाकल्याचा आजार निघाला, औषध असं नाही, पण कार्डावरच्या गोष्टी, म्हणजे बाकला, कडू मुळी, डांबरगोळ्या, टाळल्या की मूल इतरांसारखंच वाढतं, असं तिने दोनदा सांगितलं. लान-इनने त्याच दुपारी कुंपणालगतची बाकल्याची झाडं उपटली, जन्मभर तो दाणा तोंडात घालणार नाही असं देवापुढे बोलली, आणि कपाटातल्या, पेटीतल्या गोळ्या पुडीत बांधून शेजारच्या कुईला देऊन टाकल्या. बाळाने गोळी गिळू नये, एवढंच तिला समजलं होतं. अंगडं तिने दोनदा झटकलं, बस्स.

आणि परवाच्या जेवणावळीत, चुलत जावांपुढे, ती हसत म्हणाली होती, “आमच्या सात पिढ्यांत हे नाही बाई. सुनेच्या माहेरून आलंय.” च्यिन-लीने तेव्हा अंड्यांची परात उचलून आत नेली होती.

लान-इन बाळाची चादर नीट करायला वाकली आणि तोच वास आला. घरच्या पेटीचा. काल इथे आल्याबरोबर तिनेच ते अंगडं घडी करून बाळाच्या डोक्याखाली सरकवलं होतं, नशीब जवळ असावं म्हणून.

तिचा हात तिथेच थांबला. सांगितलं, तर वेन-हाओ पुन्हा तिच्या तोंडाकडे बघणार नाही. आत्ता गुपचूप काढून पिशवीत टाकलं तर कुणाला कळणार नाही. पण डॉक्टरीण भलत्याच गोष्टी शोधत बसेल. देवाचं नाव घ्यायला ओठ उघडले, तर नाव येईना.

तिने घडी ओढून बाहेर काढली आणि दोन्ही हातांवर धरली.

“हे परवापासून त्याच्या अंगाला आहे. एकतीस वर्षं गोळ्यांत होतं. धुतलेलं नाही. मीच धुतलं नाही.”

डॉक्टरणीने वास घेतला. “कापडातून कातडीत, श्वासात. आजी, गोळी खावी लागत नाही.” तिने चादर, उशी सगळं बदलायला लावलं, बाळाला पुसून घ्यायला सांगितलं. “तुम्ही कोपरापर्यंत हात धुवा. संध्याकाळी पुन्हा रक्त तपासू. तोवर मी काही कबूल करू शकत नाही.”

“पण वेन-हाओ याच वासाच्या कपड्यांत वाढला, त्याला तर काही...” लान-इन पुटपुटली.

“त्याला आजार नाही, म्हणून,” च्यिन-ली म्हणाली. आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. “आजार माझ्या माहेरचा, आई. गोळ्या तुमच्या. फिटलं आता, नाही का?”

लान-इन हात धुऊन आली. कातडी लाल होईपर्यंत घासले तरी वास नाकातून जाईना.

“वाचला,” सून म्हणाली, “तरी मी त्याला कुठे नेऊ? आपल्या गल्लीत प्रत्येक पेटीत तेच आहे. कुईकाकू रोज त्याला छातीशी धरतात, डांबरगोळ्यांतून काढलेला स्वेटर घालून.”

“मी काढीन. घरोघर जाऊन.”

“का, म्हणून विचारतील.”

“मी काय केलं ते सांगेन.”

च्यिन-लीने तिच्याकडे पाहिलं नाही. पण पिशवीतून ते कार्ड काढलं आणि कठड्यावर ठेवलं. लान-इनने ते उचललं. बाळाचा श्वास भराभर चालला होता, चिमणीसारखा. हात लावायचं धाडस तिला झालं नाही.

तीनच्या बसने ती गावात उतरली. घरातून बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला, झाकण घट्ट बसतं का पाहिलं. पोकुंगच्या छोट्या देवळावरून जाताना आज तिने काही मागितलं नाही, नुसते हात जोडले. मग ती कुईच्या दारापाशी गेली आणि हळूच म्हणाली,

“कुई, आहेस का गं? तुला दिलेल्या गोळ्या न्यायला आलेय. आणि तुझी पेटी उघड, तुला एक सांगायचंय.”